आधी सातबारा वाचा: शेंगेन व्हिसा अधिकाऱ्यांना विदर्भातून खुले पत्र

प्रति,
मुंबईतील शेंगेन देशांच्या महावाणिज्य दूतावासांचे व्हिसा विभागप्रमुख
आणि नवी दिल्लीतील युरोपीय संघाचे शिष्टमंडळ

माहितीसाठी: परराष्ट्र मंत्रालय, महसूल विभाग व कृषी विभाग, महाराष्ट्र शासन

महोदय/महोदया,

सप्रेम नमस्कार.

शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या, पर्यटक व्हिसासाठी लागणाऱ्या कागदांची जी यादी आपल्या अर्ज केंद्रांवर चालते, ती दोनच माणसांच्या मापाने शिवलेली आहे: एक पगारदार आणि दुसरा नोंदणीकृत धंदेवाला. पगारदाराने पगारपावत्या, फॉर्म 16 आणि कंपनीचं रजेचं पत्र द्यावं. धंदेवाल्याने जीएसटी नोंदणी आणि फर्मच्या खात्याचा उतारा द्यावा. आयटीआर, म्हणजे प्राप्तिकराचं विवरणपत्र, दोघांनीही जोडावा. तिसरा रकाना कास्तकाराचा हवा होता. तो बऱ्याच याद्यांत नसतोच, आणि असला तर 'जमिनीचे कागद' एवढ्यावर आटोपतो. कोणते कागद, किती जुने, कोणाच्या नावाचे, भाषांतर कोणी केलेलं, याचा पत्ता नाही. टेबलावरच्या माणसालाही नाही.

आम्ही तालुक्याच्या ठिकाणी बसून पासपोर्टचे आणि व्हिसाचे अर्ज भरून देणारे लोक आहोत. आमच्याकडे येणारा कास्तकार युरोपात कामधंदा शोधायला निघालेला नसतो. संत्र्याचं वर्ष चांगलं गेलं म्हणून, पोरगी तिकडे शिकते म्हणून, किंवा चारधाम झालं, आता आल्प्स पाहू म्हणून तो निघतो. अर्ज नाकारला गेला की पैसे त्याचे बुडतात आणि जाब आम्हाला विचारला जातो. तो जाब आज पुढे पाठवतो आहोत.

2024 मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी 11 लाखांहून जास्त अर्ज गेले. त्यातले 1 लाख 65 हजारांच्या आसपास नाकारले गेले, म्हणजे साधारण सातामागे एक. 11 जून 2024 पासून प्रौढाचं शुल्क 90 युरो आहे, 6 ते 12 वर्षांच्या मुलाचं 45. नकार आला तरी ते परत मिळत नाही. शुल्क परत मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. छाननीचं काम झालं, त्याचे पैसे आपण घेतले, ठीक. पण छाननी नेमकी कशाची झाली?

नियम आमच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. आपली व्हिसा संहिता, म्हणजे 2009 चा 810 क्रमांकाचा विनियम, परत येण्याच्या इराद्याचा पुरावा म्हणून परतीच्या तिकिटाचं आरक्षण, आर्थिक ऐपत, नोकरी, स्थावर मालमत्ता, कुटुंब आणि व्यवसाय हे सगळं धरते. स्थावर मालमत्ता तिथे स्पष्ट लिहिलेली आहे. त्याच संहितेचं कलम 14 सांगतं की कागदांच्या अटी स्थानिक परिस्थिती पाहून ठरवाव्यात आणि त्यासाठी एका भागातल्या दूतावासांनी एकत्र बसावं. आमच्याकडची परिस्थिती त्या बैठकीत कोणी मांडली असेल, असं याद्या पाहून वाटत नाही. ती इथे मांडतो.

आयटीआरचं

शेतीचं उत्पन्न भारतात करमुक्त आहे. प्राप्तिकर कायदाच तसं सांगतो. ज्याचं सगळं उत्पन्न वावरातलं आहे, त्याच्यावर सहसा विवरणपत्र भरण्याची सक्ती नसते. तरी यादी दोन-तीन वर्षांचे आयटीआर मागते. आता एखाद्याने ठरवलं की व्हिसासाठी भरूनच टाकू, तरी मागची वर्षं हातात येत नाहीत. उशिराच्या विवरणपत्राची मुदत त्या त्या आकारणी वर्षाच्या 31 डिसेंबरला संपते. त्यानंतर जे अद्ययावत विवरणपत्र (आयटीआर-यू) भरता येतं, त्यात जादा कर निघावा लागतो. शून्य कर असलेल्याला ती वाट बंद. म्हणजे कायद्याने जो कागद तयार होऊच शकत नाही, तोच न जोडल्याचा ठपका अर्जदारावर येतो.

यातून गावात एक नवीन धंदा निघाला आहे. 'व्हिसासाठी आयटीआर काढून देतो' म्हणणारे शेतीच्या पैशाला किराणा दुकानाचं नाहीतर 'कमिशन'चं उत्पन्न दाखवून विवरणपत्र भरतात. ते खोटं आहे. पुढे ते बँकेच्या उताऱ्याशी जुळत नाही, आणि अर्जदाराच्या सांगण्याच्या विश्वासार्हतेवर शंका या रकान्यात आपण खूण करता. खूण बरोबरच असते. पण त्या खोट्याला जागा आपल्या यादीने करून दिली, हेही पाहा.

बँकेच्या उताऱ्याचं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून थोडं सविस्तर.

पगारदाराच्या खात्यात महिन्याच्या महिन्याला सारखी रक्कम येते. आमच्याकडे सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आगेमागे येतो, कापसाचा नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तुरीचा त्यानंतर. संत्र्याचा आंबिया बहार असेल तर हिवाळ्याच्या तोंडाशी, मृग बहार असेल तर फेब्रुवारीनंतर. बाकी महिने खातं सुकं. आपल्या याद्या बहुधा तीन ते सहा महिन्यांचा उतारा मागतात. दिवाळीच्या सुट्टीत जायचं म्हणून ऑगस्टमध्ये अर्ज करणाऱ्याच्या तीन महिन्यांत पेरणी, खत आणि फवारणीचा खर्चच तेवढा दिसणार.

एक नोंद जवळून बघू. 30 क्विंटल लांब धाग्याचा कापूस सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर 2025-26 च्या 8110 रुपये हमीभावाने गेला, तर 2,43,300 रुपये आधारशी जोडलेल्या खात्यात एका दिवशी पडतात. त्याच्या वरच्या ओळी कोणत्या? पीएम किसानचे 2000, नमो शेतकरीचे 2000, एटीएममधून काढलेले हजार-पाचशे, मोबाईलचं रिचार्ज. मुंबईत बसून हा उतारा पाहणाऱ्याला काय वाटेल, ते आम्हाला कळतं: खातं रिकामं होतं, अर्जाच्या तोंडावर कोणीतरी अडीच लाख आणून टाकले. पण ती नोंद कुठून आली हे खरेदी केंद्राच्या पावतीवर आहे: शेतकऱ्याचं नाव, वजन, दर, तारीख. पावती अर्जात जोडलेली असते, मराठीत नाहीतर अर्धी मराठी-अर्धी इंग्रजी. ती उताऱ्याशेजारी ठेवून पाहिली तर प्रश्न दोन मिनिटांत सुटतो.

फ्रान्स हॉटेल आरक्षित असलेल्या पर्यटकासाठी दिवसाला 65 युरोची ऐपत धरतो. बारा दिवसांचे 780 युरो झाले. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर कापसाची ती एकच नोंद याच्या तिप्पट आहे. तरीही 'निर्वाहासाठी पुरेशी साधनं दाखवली नाहीत' असा शेरा येतो.

दुसरं, पीककर्ज. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याज लागत नाही. त्यामुळे 31 मार्चच्या आत कर्ज भरायचं आणि नव्या हंगामाचं पुन्हा उचलायचं, हे दरवर्षीचं ठरलेलं. आम्ही त्याला नवं-जुनं करणं म्हणतो. उताऱ्यावर ते असं दिसतं: मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मोठी रक्कम जमा, दोन दिवसांत तेवढीच वजा, एप्रिल-मेमध्ये पुन्हा तेवढीच जमा. उन्हाळ्यातल्या सहलीचे अर्जही याच दिवसांत जातात. व्हिसासाठी पैसे फिरवले असा संशय येण्यासारखंच ते चित्र आहे, पण तो बँकेच्या हंगामाचा हिशेब आहे. कर्जखात्याचा उतारा सोबत मागितला की दोन्ही ओळी एकमेकींना लागतात. आपली यादी कर्जखात्याचा उतारा मागतच नाही, आणि अर्जदार आपण होऊन देत नाही, कारण कर्ज दाखवलं तर व्हिसा मिळणार नाही असं त्याला कोणीतरी सांगितलेलं असतं.

तिसरं, नगदी. गावात येऊन कापूस नेणारा व्यापारी खेडा खरेदीत रोख पैसे देतो. संत्र्याची बाग झाडावरच उक्ती विकली जाते. इसार आधी, बाकी तोडणीला, आणि त्यातला किती भाग खात्यात येईल ते व्यापाऱ्यावर. इथे दोष आमच्या बाजूचा आहे आणि आम्ही तो लोकांना सांगतो: ज्याला पुढच्या वर्षी बाहेर जायचं आहे त्याने या वर्षी माल बाजार समितीत न्यावा, काटापट्टी आणि हिशोबपट्टी जपून ठेवावी, पैसा चेकने किंवा खात्यात घ्यावा. व्हिसाची तयारी अर्जाच्या आधी एक हंगाम सुरू होते.

जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या शाखेतून मिळणारा उतारा कधी फिकट छपाईचा, कधी नुसत्या पासबुकाच्या झेरॉक्सवर शाखेचा शिक्का. 'संगणकीय उतारा नाही' म्हणून तो बाजूला सारला जातो. शाखेचा फोन नंबर शिक्क्यातच असतो.

सातबारा कसा वाचावा

आपल्या कर्मचाऱ्यांसाठी हे लिहितो. सातबारा हा ज्याच्या-त्याच्या घरी छापलेला कागद नाही. महाभूमीच्या संकेतस्थळावर 15 रुपयांत डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळतो आणि तो खरा की खोटा हे तिथेच तपासता येतं. मुंबईतून किंवा पॅरिसमधून, कुठूनही.

त्याचा पहिला भाग गाव नमुना 7: जमीन कोणाची, किती. क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असतं. 1.62 म्हणजे चार एकर. युरोपातल्या शेतांच्या मानाने आकडा चिमुकला वाटेल, पण चार एकर ओलिताची संत्र्याची बाग आणि चार एकर कोरडवाहू पराटी (कापूस) यांच्या उत्पन्नाची बरोबरी होत नाही. ओलित की कोरडवाहू, हे पाहायला हवं. एकाच माणसाची जमीन दोन-तीन गटांत विखुरलेली असते. एका गावातल्या खात्याची बेरीज 8-अ मध्ये मिळते. म्हणून सातबारा आणि 8-अ जोडीने मागावेत.

खातं पुष्कळदा सामाईक असतं. तीन भावांची नावं एकाखाली एक, हिस्सा लिहिलेला नाही. कुठे वारलेल्या बापाचं नाव अजून कमी झालेलं नाही, वारस नोंदीचा फेरफार तलाठ्याकडे पडून आहे. जमीन अर्जदाराच्या एकट्याच्या नावावर नाही म्हणून तो पुरावाच धरायचा नाही, हे बरोबर नाही. सामाईक खातं असलेला माणूस तर जास्त बांधलेला असतो, भाऊबंदकी त्याला युरोपात राहू देणार नाही.

'इतर अधिकार' या रकान्यात बँकेचा बोजा लिहिलेला असतो. तो बहुधा पीककर्जाचा असतो आणि विदर्भात बोजा नसलेला सातबारा शोधावा लागेल. बोजा म्हणजे बुडालेला माणूस, असा अर्थ काढू नये. उलट ज्याच्यावर चालू वर्षाचा बोजा आहे, त्याचं मागचं कर्ज फेडलेलं आहे, म्हणूनच बँकेने नवं दिलं.

दुसरा भाग गाव नमुना 12, म्हणजे पिकं. 2021 पासून शेतकरी ई-पीक पाहणीच्या ॲपवर उभ्या पिकाचा फोटो काढून ही नोंद स्वतः करतो. अर्जदार नुसता जमीनमालक आहे की वाहीत करणारा, याचा याहून चांगला पुरावा नाही. ज्याच्या नमुना 12 वर संत्रा आहे त्याला पाणी द्यायला, ताण सोडायला, फळगळीची फवारणी करायला परत यावंच लागतं. ज्याच्यावर कापूस आहे तो मृगाच्या आत घरी हवा. रजेचं पत्र मागता ना? आमच्याकडे ते पावसाळा देतो.

नोकरी देणाऱ्याचं नाव आणि पत्ता हा अर्जातला रकानाही इथेच अडतो. रिकामा ठेवला तर टेबलावरून परत येतो, 'स्वतःची शेती' लिहिलं तर नोंदणी प्रमाणपत्र मागतात. शेतीचं नोंदणी प्रमाणपत्र म्हणजे पुन्हा सातबाराच.

तहसीलदाराचा दाखला

उत्पन्नाचा पुरावा म्हणून काही केंद्रांवर तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणायला सांगतात. कृपा करून हे थांबवा. तो दाखला शिष्यवृत्ती, फी सवलत आणि योजनांसाठी काढलेला असतो. त्यावरचा आकडा कमीत कमी असावा याचीच धडपड असते, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. साठ हजारांचा दाखला आणि सहा लाखांची उलाढाल एकाच फाईलमध्ये गेली की अर्जदार खोटारडा ठरतो. आम्ही लोकांना सांगतो की हा दाखला जोडू नका. महसूल विभागाला मात्र विचारावंसं वाटतं: क्षेत्र, पीक आणि ओलित पाहून शेतीच्या उत्पन्नाचं वेगळं, इंग्रजी-मराठी प्रमाणपत्र द्यायला काय अडचण आहे? कृषी विभाग स्वतः शेतकऱ्यांना नेदरलँड्स, जर्मनी, स्वित्झर्लंडच्या अभ्यास दौऱ्यांवर पाठवतो. त्या शेतकऱ्यांनाही हेच कागद लागतात.

बायकांचं थोडक्यात सांगतो. वावरात नवऱ्याइतकंच राबणाऱ्या बाईच्या अर्जात 'गृहिणी' लिहावं लागतं, कारण सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. मग तिला नवऱ्याचं हमीपत्र, लग्नाचं प्रमाणपत्र आणि माहेरच्या-सासरच्या नावाचा मेळ घालणारं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. जुन्या लग्नांची नोंदणी नसते. पासपोर्टवर जोडीदाराचं नाव असेल तर तेवढ्यावर भागवावं, एवढीच विनंती.

मुंबईचा फेरा

बोटांचे ठसे द्यायला पहिल्या अर्जाच्या वेळी स्वतः हजर राहावं लागतं; ते ठसे पुढे 59 महिने चालतात आणि 12 वर्षांखालच्या मुलांना लागत नाहीत. या नियमाला आमची हरकत नाही. हरकत आहे ती ठसे कुठे घेतात याला. नागपूर ते मुंबई रेल्वेने 837 किलोमीटर. त्याआधी गावातून नागपूर, नाहीतर बडनेरा, अकोला गाठायचं. विदर्भ एक्सप्रेसने रात्र काढून सकाळी मुंबईत उतरलेला माणूस नऊच्या वेळेला केंद्राच्या दारात उभा राहतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याच्या माणसाला हैदराबाद मुंबईच्या निम्म्याहून कमी अंतरावर आहे, पण पत्ता महाराष्ट्रातला म्हणून काही देश त्याला मुंबईलाच बोलावतात.

आणि तिथे टेबलावर सांगतात, आयटीआर नाही, परत जा.

हे आपल्याच संहितेत बसत नाही. कलम 19 प्रमाणे मुदतीत आलेल्या अर्जात भरलेला फॉर्म, पासपोर्ट, फोटो, ठसे आणि शुल्क एवढं असलं की तो दाखल करून घेण्याजोगा ठरतो. बाकी पुरावे कमी असतील तर ते छाननीत पाहायचे, दारात नव्हे. आणि छाननीत जादा कागद मागवायची, मुलाखत घ्यायची मुभा कलम 21 देतं. निर्णय दूतावासाचा असतो. केंद्राचं काम कागद गोळा करून पोचवणं. पण खेड्यातल्या माणसाला हा फरक कोणी सांगत नाही, तो काउंटरवरच्या पोराचं बोलणं म्हणजेच युरोपचा निकाल समजून गाडी पकडतो.

फोटोवरून परत पाठवतात, त्यात मात्र तथ्य आहे. 35 बाय 45 मिलिमीटर, फिकट पार्श्वभूमी, हे तालुक्याच्या स्टुडिओला माहीत आहे. तरी तो कौतुकाने चेहरा उजळून देतो आणि फोटो बाद होतो.

अपॉइंटमेंटचं पाहा. संहितेच्या कलम 9 प्रमाणे ती मागितल्यापासून सर्वसाधारणपणे दोन आठवड्यांत मिळायला हवी. मार्च ते मे, म्हणजे शेतीचं काम कमी असतं तेव्हाच, ती महिना-महिना मिळत नाही. पडद्यावर तारखा नसतात आणि दलालाकडे असतात. त्या दलालाला पैसे मोजायचे, वर केंद्राचं सेवाशुल्क, वर कुरियर, एसएमएस, लाउंज अशा 'ऐच्छिक' सेवा. सेवाशुल्कावर संहितेने व्हिसा शुल्काच्या निम्म्याची, म्हणजे 45 युरोंची मर्यादा घातली आहे. ऐच्छिक सेवांच्या पावतीवर ऐच्छिक हा शब्द मराठीत, ठळक छापलेला आम्हाला पाहायचा आहे.

पासपोर्टचं उदाहरण समोर आहे. 2017 पासून भारत सरकारने मुख्य डाकघरांत पासपोर्ट सेवा केंद्रं उघडली. विदर्भातल्या अनेक जिल्ह्यांचे लोक आज आपल्या जिल्ह्याच्या डाकघरात ठसे देऊन पासपोर्ट काढतात. ज्या देशाचा नागरिक आहे, त्या देशाला जिल्ह्याच्या डाकघरातले ठसे चालतात.

नकाराच्या कागदाचं

नकार छापील नमुन्यावर येतो, कारणांची यादी आणि एका रकान्यात खूण. आमच्याकडच्या लोकांना बहुतेक दोनच खुणा येतात: ऐपत दाखवली नाही, किंवा परत येण्याच्या इराद्याबद्दल वाजवी शंका. कोणता कागद कमी पडला, कोणती नोंद पटली नाही, यावर ओळही नाही. मग पुढच्या अर्जात काय सुधारायचं? माणूस तेच कागद घेऊन पुन्हा 90 युरो भरतो.

दाद मागण्याचा हक्क कलम 32 ने दिलेला आहे, पण ती त्या त्या देशाच्या कायद्याप्रमाणे आणि बऱ्याचदा त्याच देशाच्या भाषेत. जर्मनीने तर 1 जुलै 2025 पासून दूतावासाकडेच फेरविचार मागण्याची सोय बंद केली. आता उरलं ते बर्लिनचं न्यायालय. वर्धा जिल्ह्यातल्या माणसाने बारा दिवसांच्या सहलीसाठी बर्लिनला वकील लावावा, ही अपेक्षा असेल तर तसं सांगा.

18 एप्रिल 2024 ला आपण भारतीयांसाठी सवलत मंजूर केली: तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन नीट वापरले की दोन वर्षांचा, पुढे पाच वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा. चांगला निर्णय. पण ती शिडी पहिल्या व्हिसापासून सुरू होते, आणि आमचा माणूस पहिल्याच पायरीवर अडतो.

आमच्या मागण्या

1. कास्तकार अर्जदारासाठी स्वतंत्र यादी करा आणि सगळ्या शेंगेन देशांसाठी ती एकच ठेवा. तीत एवढं असावं: डिजिटल सातबारा आणि 8-अ, चालू हंगामाची पीक नोंद, बचत खात्याचा आणि कर्जखात्याचा बारा महिन्यांचा उतारा, बाजार समिती, सीसीआय किंवा व्यापाऱ्याच्या विक्रीपावत्या. आयटीआर 'असल्यास' असा लिहा.

2. मराठी कागदांचं भाषांतर कोणाचं चालेल ते लिहून सांगा. नोटरीचं, वकिलाचं की अर्जदाराने स्वतः करून सही केलेलं? आज केंद्रागणिक उत्तर वेगळं मिळतं आणि पानामागे पैसे जातात.

3. कागद कमी आहे म्हणून कोणालाही टेबलावरून परत पाठवू नका. अर्ज घ्या, कमतरता लिहून द्या, आणि ईमेलने कागद पाठवायला दहा दिवस द्या.

4. नागपुरात ठसे घेण्याची सोय करा. कायमचं केंद्र परवडत नसेल तर जानेवारी ते मे महिन्यातले ठरावीक दिवस फिरतं पथक पाठवा. काही देशांसाठी जादा पैसे घेऊन घरपोच ठसे घेण्याची सेवा आहेच. ते यंत्र मोठ्या शहराबाहेर येऊ शकतं. अमरावती आणि चंद्रपूर त्यानंतर.

5. जिथे पत्त्यावरून केंद्र ठरवण्याचा नियम आहे तिथे चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांना हैदराबादेत अर्ज करू द्या.

6. शंका असेल तर नाकारण्याआधी एक फोन करा. हिंदीत बोललात तरी चालेल. पाच मिनिटांत कळेल की समोरचा माणूस वाहीत करणारा आहे की बनावट. किती पाणी लागलं, कोणतं बियाणं, भाव काय मिळाला, एवढं विचारा.

7. नकाराच्या कागदावर खुणेसोबत एक वाक्य लिहा: कोणत्या कागदामुळे.

8. युरोपीय आयोग दरवर्षी देशानुसार आणि दूतावासानुसार आकडे देतो. त्यात व्यवसायानुसार नकाराचे आकडे जोडा. आमचं म्हणणं चूक असेल तर तिथेच दिसेल.

खोटी आरक्षणं करणारे, चार दिवसांसाठी खात्यात 'दाखवायला' पैसे टाकणारे दलाल विदर्भातही आहेत. त्यांचे अर्ज नाकारा, आम्ही एका शब्दाने बोलणार नाही. असे दलाल कास्तकाराला सापडतात कारण सरळ मार्गाने काय जोडायचं हे कुठेच लिहिलेलं नाही.

व्हिसाची सगळी प्रक्रिया एका समाईक संकेतस्थळावर आणणारा विनियम आपण 2023 मध्ये मंजूर केला आहे. ते संकेतस्थळ तयार होत असताना व्यवसायाच्या रकान्यात 'शेती' घाला आणि त्याखाली सातबारा चढवायला जागा ठेवा. नंतर दुरुस्ती करायला वर्षं जातात.

प्रवासाच्या सहा महिने आधी अर्ज करता येतो. मे महिन्यात जाऊ पाहणारे लोक नोव्हेंबरपासून कागद जमवायला आमच्याकडे येतील. त्याआधी पहिल्या तीन मागण्यांवर आपलं उत्तर जाहीर व्हावं. उत्तर इंग्रजीत असलं तरी चालेल. त्याचं मराठी आम्ही करून तालुक्या-तालुक्यात लावू.

आपले,
विदर्भातल्या तालुक्यांच्या गावी पासपोर्ट-व्हिसाचे अर्ज भरून देणारे आम्ही काही जण